न मागितलेलं गाणं

पैठण गेटजवळच्या त्या रेकॉर्डिंगवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आपण सांगितलेली गाणी भरून कॅसेट थोडी उरली, की शेवटी तो एका गाजलेल्या विलायती बँडचं, कुणालाच ठाऊक नसलेलं गाणं टाकायचा.

एकदा एक गिऱ्हाईक भडकून आलं. "कव्वालीच्या मागं हे काय घातलं? आत्ताच्या आत्ता पुसा, माझ्यासमोर!"

"लई चांगलं गाणं हाय, साहेब. कुणी मागतच नाय, म्हणून मी देतो."

गिऱ्हाइकानं काउंटरवर मूठ आपटली. रेकॉर्डिंगवाल्यानं निमूटपणे कॅसेट मशीनमध्ये घातली आणि पुसायला बटण दाबलं. कॅसेट आवाजाशिवाय फिरू लागली. त्याचं बोट मात्र काउंटरवर त्याच गाण्याचा ठेका धरत होतं. गाणं पुसायलाही गाण्याइतकाच वेळ लागतो. बोट थांबलं, तेव्हा त्यानं मशीनकडे न बघता बटण बंद केलं.

"संपलं," तो म्हणाला.