वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ

बोळिंजला आमच्या डोक्यावर एक महान गायक राहतात. गाणी तेच लिहितात, तेच गातात, निर्मातेही तेच. श्रोत्यांचं खातं तेवढं त्यांनी आमच्याकडे सोपवलंय. बेडरूमच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले की तिला स्टुडिओ म्हणतात, हे ज्ञान मला त्यांच्यामुळेच झालं. रेकॉर्डिंग असलं की जिन्यातून फर्मान यायचं, "भाऊ, टेक चाललाय, मिक्सर नको!" आमची चटणी संध्याकाळवर जायची.

आईला मात्र हे सांगायची कुणाची छाती नव्हती. नळ आला की ती गॅलरीतून अख्ख्या इमारतीला ओरडून सांगायची, "पानी आलं गो, पानी!" त्यांच्या प्रत्येक गाण्यात कुठेतरी ती हाक घुसलेलीच. "काकूंनी माझं करिअर बुडवलं," असं ते भेटेल त्याला सांगत.

आई गेली. तेराव्याला ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. म्हटलं, झालं, आता श्रद्धांजलीचं गाणं ऐका. लावलं, तर नुसत्या आईच्या हाका, सगळ्या गाण्यांतल्या, एकामागून एक. स्वतःचा आवाज त्यांनी पार काढून टाकला होता.

त्यांचं एवढं एकच रेकॉर्डिंग आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.