मजल्याचा फोन

माझं काम लोकांना समजावून सांगणं मला अजूनही नीट जमत नाही. कंपन्यांची संगणक-सुरक्षा बाहेरून तपासायची, त्यांना श्रेणी द्यायची, आणि मग एकाच धंद्यातल्या कंपन्या शेजारी शेजारी मांडून कोण किती पाण्यात आहे ते दाखवायचं, असं साधारण ते आहे. आम्ही कुणाच्या आत शिरत नाही. रस्त्यावर उभं राहून एखाद्या इमारतीची कुठली खिडकी उघडी आहे, कुठल्या दाराची कडी सैल झाली आहे ते बघावं, तसं इंटरनेटवरून जेवढं दिसतं तेवढंच बघतो. विमा कंपन्या आणि गुंतवणूकदार ही तुलना विकत घेतात. आईला एकदा हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे दुसऱ्यांच्या घरांना तू बाहेरून नावं ठेवतेस. तेव्हा मला राग आला होता.

त्या वर्षी माझ्याकडे मोठ्या टेलिकॉम कंपन्यांची तुलना आली. तीन महिने मी त्यावर बसले होते. जुनी सॉफ्टवेअर, बाहेर फुटलेले पासवर्ड, ईमेलची ढिली व्यवस्था, सगळं एकाच फूटपट्टीनं मोजलं आणि एक कंपनी बाकीच्यांना बरंच मागे टाकून पहिली आली. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मला आभाळ ठेंगणं झालं. नात्यातले लोक, विहारात भेटणाऱ्या बायका विचारायच्या, कुठलं सिम घेऊ गं? आणि मी नाकानं कांदे सोलत प्रत्येकीला उत्तर द्यायचे.

आमची चाळ डिलाईल रोडला, ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर. माझ्या लहानपणी आमच्या मजल्यावर एकच फोन होता, आमच्याकडे. वडिलांनी कितीतरी वर्षं अर्ज करून तो मिळवला होता. मजल्यावरची माणसं नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या फॉर्मवर, लग्नाच्या पत्रिकेवर आमचा नंबर लिहायची आणि पुढे लिहायची ‘पीपी’. म्हणजे शेजाऱ्यांचा फोन आहे, निरोप द्या. कुणाला नोकरी लागली, कुणाच्या गावी कोण वारलं, हे सगळं आधी माझ्या आईच्या कानावर पडायचं आणि मग ती गॅलरीतून त्या त्या दारापाशी जायची. पुढे वडील गेले, तो फोनही गेला. मोबाइल आले. तरुण मुलांनी आपापले घेतले, पण मजल्यावरची म्हातारी माणसं आपली आईचाच नंबर देत राहिली. गॅसला तोच, रेशनला तोच, दवाखान्यात तोच. गळ्यात कापडी पिशवी अडकवून आई त्यात मोबाइल ठेवायची. संदेश आला की गॅलरीत येऊन ओरडायची, गॅसचे आकडे कुणाचे आलेत? घ्या लिहून. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँका कंठशोष करतात, आणि माझी आई ते आकडे अख्ख्या मजल्याला ऐकवायची. मी तिला कितीदा बजावलं. ती विचारायची, मग त्यांनी काय करायचं? मी ते हसण्यावारी न्यायचे.

आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडची एक मावशी आणि तिचा नवरा राहायचे. मूलबाळ नव्हतं. काका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. दिवसभर त्या साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले, आणि फोन कानाला लावून उपयोग नाही म्हणून त्या घरात फोन कधी आलाच नाही. माझी शाळा सुटायची तेव्हा आई कामावर असायची. घराची किल्ली मावशीकडे असायची, जेवणही तिच्याकडेच. मासे कसे साफ करायचे ते मी तिच्याकडे शिकले, आणि खोटं बोलले की पहिली चापटही तिचीच खाल्ली. आईएवढीच ती माझी होती.

त्या उन्हाळ्यात मावशीच्या पोटात गाठ निघाली. परळच्या मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या आणि ऑपरेशन करायचं ठरलं, पण खाट रिकामी नव्हती. तिथल्या कारकुनानं सांगितलं की जागा झाली की फोन करू, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं, नाही आलात तर खाट पुढच्या पेशंटला. फाइलवर नंबर अर्थात आईचा होता. त्या दिवसापासून आई आंघोळीला जाताना फोन माझ्या हातात देऊन जायची.

आणि मला शहाणपण सुचलं. आईचा नंबर ज्या कंपनीचा होता ती माझ्या तुलनेत तळाशी होती. एवढा महत्त्वाचा फोन यायचाय, आणि तो असल्या कंपनीच्या भरवशावर? मी आईला लालबागच्या एका मोबाइलच्या दुकानात नेलं आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलून घेतली. पहिली आलेली कंपनी. बदल होताना काही तास नेटवर्क गेलं तेव्हा आई कासावीस झाली. मी तिला म्हटलं, ‘असं अजून एखाद-दोनदा होईल. आपोआप येतं. उगाच कुणाला काही सांगत बसू नकोस.’ तेव्हा मला घाई होती, आणि आईचे प्रश्न मला लांबवायचे नव्हते.

दहा-बारा दिवसांनी नेटवर्क पुन्हा गेलं. आई गप्प बसली. मी ऑफिसातून रोज उशिरा यायचे, जेवायचे, झोपायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोथिंबीर आणू का विचारायला तिला फोन केला, तो लागेना. घरी आले तर आई खुर्चीत बसलेली, मोबाइल मांडीवर. म्हणाली, ‘तूच म्हणाली होतीस ना, आपोआप येईल म्हणून.’

काय झालं असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी लालबागला जाऊन उभी राहिले. दुकानातल्या बाईनं स्क्रीनवर बघून सांगितलं की तीन दिवसांपूर्वी उपनगरातल्या एका दुकानातून या नंबरचं दुसरं सिम दिलं गेलं आहे. बँकेचे ओटीपी पळवायला कुणीतरी आईच्या नावाचं खोटं ओळखपत्र दाखवलं, काउंटरवरच्या माणसानं ते घेतलं, आणि तेवढ्यावर माझ्या आईचा नंबर दुसऱ्याच्या फोनमध्ये गेला. कुणाची भिंत फोडावी लागली नाही, कुठला पासवर्ड तोडावा लागला नाही. मी ते सिम बंद करवलं, आईचं नवीन सुरू केलं, पोलिसांत तक्रार दिली. मग मजल्यावरच्या प्रत्येकाची गॅस, रेशन, पेन्शनची नोंद तपासली. आईच्या बँकेला तो नंबर जोडलेलाच नव्हता. कुणाचं काही गेलं नव्हतं, आणि मी गॅलरीत उभी राहून सगळ्यांना तसं सांगितलंही. मावशीनं मला चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात आई मावशीला आणि काकांना घेऊन इस्पितळात गेली, इतके दिवस फोन का नाही आला ते विचारायला. कारकुनानं फाइल काढली. आईच्या नंबरावर लाल शाईची रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, राँग नंबर. खाट झाली होती. त्यांनी फोन केला होता, एकदा नाही, लागोपाठ दोन दिवस. एका माणसानं उचलून सांगितलं की राँग नंबर आहे, परत करू नका. खाट पुढच्या पेशंटला गेली. आता नाव पुन्हा यादीत घालतो, असं कारकून म्हणाला. त्याचाही काही दोष नव्हता.

आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ‘तीन दिवस मी मेलेला फोन मांडीवर घेऊन बसले,’ एवढंच म्हणाली. मावशीकडे ती त्या संध्याकाळी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळा दोष तिनं स्वतःकडे घेतला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. मी माझा अहवाल उघडला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: विक्री केंद्रांवर ग्राहकांची ओळख कशी पटवली जाते, हे या तुलनेच्या कक्षेत येत नाही. ती ओळ मीच लिहिली होती. दर वेळी लिहिते. ती कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं, आणि आईला दुकानात नेताना मी स्वतःही ती वाचली नव्हती.

पुन्हा खाट मिळायला जवळजवळ महिना गेला. त्या महिन्यात मावशीचं खाणं पेजेवर आलं. दाखल करायच्या दिवशी काका पिशवी धरून रांगेत उभे होते, आई औषधाच्या खिडकीपाशी, आणि मी मावशीशेजारी बाकावर फॉर्म भरत होते. संपर्काच्या रकान्याशी माझा हात थांबला. मी तिला सगळं सांगितलं. कंपनी मी बदलली. नेटवर्क आपोआप येईल असं मी सांगितलं म्हणून आई गप्प राहिली. तिचा काही दोष नाही, माझा आहे.

मावशी रागावेल, निदान गालावर एक चापट तरी मारेल, असं मला वाटलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, ‘मग आता खंयची कंपनी बरी गो?’

तिला खरंच विचारायचं होतं. कुठली कंपनी चांगली, हे सांगण्यासाठी मला लोक बोलावतात, पडद्यावर रंगीत तक्ते लावून मी ते सांगते. तिथे बाकावर मला एकही नाव घेता येईना. मी विचारलं, ‘मावशी, माझा नंबर लिहू?’

‘लिही,’ ती म्हणाली. ‘पण उचल हां.’

ऑपरेशन झालं. गाठ आधी दिसली होती त्याहून पसरली होती. डॉक्टरांना एकट्यात गाठून मी विचारलं की महिनाभर आधी झालं असतं तर. ते म्हणाले, असा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. ते खरंच असेल. पण मी तो आजही मांडते, भाजी चिरताना, पुलावरून चालताना, आणि दर वेळी उत्तर एकच येतं.

तोवर ऑफिसात पुढची तुलना आली होती. सिम देणारे काउंटरही मोजायला हवेत, असं मी साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की बाहेरून जे दिसत नाही ते आपण मोजत नाही, आणि जे सगळ्यांचं सारखं मोजता येत नाही त्याची तुलना करता येत नाही. भांडण्यासारखं त्यात काही नव्हतं. तीच कंपनी पुन्हा पहिली आली, मागच्यापेक्षा जास्त फरकानं. मी तपासलं, बरोबर होतं, सही केली. नोकरी सोडली नाही, हेही सांगून टाकते.

मावशी दोन महिने घरी होती, मग पुन्हा दाखल झाली. आमच्या ऑफिसात मोठ्या बैठकांना मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम आहे. मी तो मोडला. साहेबांना सांगितलं, हातात राहील, त्यांनी मान हलवली. एका दुपारी बैठक चालू असताना तो वाजला आणि पहिल्याच रिंगला मी उचलला. तिकडून एका बाईनं मावशीचं नाव घेतलं, मी कोण ते विचारलं, आणि मग सांगितलं. आवाज स्वच्छ येत होता. एकही शब्द तुटला नाही.

काका नुकतेच आंघोळीला आणि जेवायला घरी आले असणार, हे मला माहीत होतं. मी चालत निघाले. गॅलरीत आई उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि कठड्याला धरून खाली बसली. काका त्यांच्या खोलीत संध्याकाळच्या पेजेचा डबा पुसत होते. मला बघून म्हणाले, ‘आज पेजेत मीठ नको म्हणालेत, बरं का.’

मी जवळ गेले, त्यांच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं सांगितलं, तरी नाही. मावशीचं बोलणं त्यांना कसं समजायचं, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मग मी ओरडून सांगितलं. गॅलरीतली दारं उघडली.

‘काय?’ काका म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.