चपलांच्या रांगेवरून गेलेली शाळेची बस

काल सकाळी दिग्रसला नातीला शाळेत सोडायला गेले आणि फाटकासमोर अर्धा तास अडकले. स्कूटी, ऑटो, कार... एकेका लेकरामागे एकेक गाडी. मीही त्यातलीच, आणि सगळ्यांत जोरात हॉर्न मीच वाजवत होते!

तेवढ्यात मागून पोरांनी भरलेली एक बस आली. तिला पाहिलं आणि माझा हात हॉर्नवरून खाली आला... वीसेक वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. भाव नाही, आणि खरेदी केंद्र आज उघडं तर उद्या बंद. माझ्या मुलीच्या शाळेचा रस्ता नेमका त्या केंद्रावरून जायचा, त्यामुळे हंगामात बैलगाड्या, लुना, ऑटो, सायकली यांची अशी कोंडी व्हायची की विचारू नका.

आम्ही गावाबाहेरच्या वस्तीत राहायचो. तिथले मेकॅनिक सलीमभाई यांनी एक जुनी बस घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि ऑटोपेक्षा कमी भाड्यात आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं आणायचं ठरवलं. हेडमास्तरांनी अट घातली, आठ दिवस बस घंटेच्या आत आली पाहिजे. एक दिवस जरी उशीर झाला तरी परवानगी नाही.

रोज एका पालकाने बसमध्ये सोबत बसायचं होतं. पाचव्या दिवशी माझी पाळी होती.

माझ्या मुलीशेजारी तिची मैत्रीण कविता बसली होती, दोघी आठवीत. कविताच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, आणि एसटी यायची ती पहिला तास संपल्यावर. बस टिकली तर शिक, नाहीतर घरी बस, असं तिच्या वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं.

नाल्यावरचा पूल ओलांडला आणि बस थांबली. पुढचा अरुंद रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरला होता, एकामागे एक, बारा-तेरा तरी. आज केंद्र उघडणार म्हणून रांग रातोरात तिथवर आली होती. शाळा अजून दोन किलोमीटर, आणि घंटेला पंचवीस मिनिटं...

माझा आवाज मुळात मोठा. मी उतरले आणि तोंडाचा पट्टाच सुरू केला. हा रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का, असंही बोलून गेले. आता आठवलं तरी लाज वाटते.

पांढऱ्या मिशांचे एक बाबा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "बाई, रातभर जागून नंबर धरला. मागून अजून गाड्या येऊन राह्यल्या. मी खाली उतरलो का ते पुढं घुसते."

खोटं नव्हतं ते. रस्त्याच्या कडेला हातभर खाली रिकामं शेत होतं. गाडी तिथे उतरवणं सोपं, पण भरलेली गाडी परत वर चढवणं म्हणजे खायचं काम नाही. आणि तोवर नंबर गेलेला.

सलीमभाईंनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद करून नुसते बसून राहिले. तेवढ्यात खिडकीतून कविता म्हणाली, "बाबाजी, आज टायमावर नाही पोचलो तं बस बंद होते."

"मंग?"

"मंग माही शाळा बी."

 बाबांनी वाकून पायातल्या चपला काढल्या, आपल्या गाडीच्या चाकाशी रस्त्याच्या मधोमध ठेवल्या आणि पुढे बघून हाक दिली, "आपापल्या चपला ठेवा रे जाग्यावर! गाड्या खाली घ्या!"

मला वाटलं, कोण ऐकणार... पण एकेक माणूस उठला. बैल जुंपायला वेळ नव्हता, म्हणून सात-आठ जण एकेका गाडीला भिडले. भरलेल्या गाड्या करकरत शेतात उतरल्या, आणि रस्त्यावर राहिल्या फक्त चपला... ठरावीक अंतरावर, एकामागे एक, प्रत्येकाचा नंबर सांभाळत.

सलीमभाई म्हणाले, "भाभी, तुम्ही पुढं चाला. एक बी चप्पल दबली नाही पाहिजे." मी पुढे चालत हात दाखवत होते आणि मागून बस मुंगीच्या पावलाने येत होती, चपला दोन्ही चाकांच्या मधे ठेवून. बसमधली साठ पोरं खिडक्यांना चिकटून बघत होती. दोन्ही बाजूंना ती माणसं अनवाणी उभी होती. 

घंटेला दोन मिनिटं असताना आम्ही पोचलो. मी तशीच चालत माघारी आले, माफी मागायला.

गाड्या वर चढवणं सुरूच होतं. मागून आलेल्या गाड्यांची मोठी रांग लागली होती, पण एकही गाडी त्या चपलांच्या पुढे सरकली नव्हती. बाबा चाकाला खांदा लावून होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, "पोरगी पोचली का टायमावर?"

मी नुसती मान हलवली. ते पुन्हा चाकाला भिडले.

पुढचे तीन दिवसही बस वेळेवर आली. परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी दुसरी बस सुरू झाली, शाळेसमोरची गर्दी निम्मी झाली. कविता त्याच बसने दहावी झाली.

उद्या नातीच्या शाळेत पालकसभा आहे, खेड्यांसाठी स्वस्तातल्या बस वाढवायच्या का, हा विषय आहे. माझा हात पहिला वर जाणार. बाबांचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं, आणि उत्तरही तोंडाने द्यायचं राहिलं होतं, ते आज देते...

बाबा, पोरगी टायमावर पोचली.