दाराबाहेरची चटई

रोज सकाळी बाहेरून कडी घालताना वाटायचं, आपण नवऱ्याला जिवंतपणीच कोंडून चाललो आहोत. संध्याकाळी तीच कडी काढायचा धीर होत नसे. आत काय दिसेल या भीतीने मी दाराला कान लावून उभी राहायची. आतून वाटीवर चमचा वाजला की मगच कडी काढायची.

ह्यांच्या घशात गाठ झाली होती. हे गवंडी. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी लष्कराच्या जुन्या बराकींत भिंती घालायचं काम निघालं, तेव्हा गाव सोडून आम्ही उल्हासनगरला आलो आणि पाच नंबर कॅम्पाच्या कडेला एका खोलीत राहू लागलो. परांचीवरून ह्यांनी हाक मारली तर दोन बराकी पलीकडे ऐकू जायची. तो आवाज पार गेला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, घरी न्या, हवं-नको बघा. याचा अर्थ कळत नव्हता असं नाही, पण कळून घ्यायची हिंमत होत नव्हती. मी मुळातच भित्री, पाल दिसली तरी खोलीबाहेर पळणारी. त्यात हा रोग लागतो अशी शेजाऱ्यांची समजूत झाली आणि आमच्या दारावरून जाताना बायका नाकाला पदर लावू लागल्या. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात मला जावंच लागे. खोलीत भटकी कुत्री शिरायची, म्हणून ती कडी. ह्यांच्या उशाशी वाटी-चमचा ठेवून जायची, पण तो वाजवला तरी कुणी येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दर सोमवारी काम सुटलं की शिवमंदिरात जायची. तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. सुरुवातीला ह्यांना बरं कर म्हणायची. मग नुसतं दुखणं कमी कर म्हणू लागले. त्या सोमवारी खाली अंधारात पिंडीवर पाणी घालताना काही मागवेचना. इथे ऐकणारं कुणी आहे तरी का, असंही मनात येऊन गेलं. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, “मी नसताना नेऊ नकोस. एकटं नेऊ नकोस.”

घरी आले तर दार उघडं. बाहेर चटई अंथरलेली आणि तिच्यावर पाच-सहा सिंधी बायका, डोक्यावरून पांढऱ्या ओढण्या घेऊन, हळू आवाजात बोलत बसलेल्या. कॅम्पात कुणी गेलं की बायका अशाच चटईवर येऊन बसतात, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. कुणाला काही विचारायचंही सुचलं नाही. माझ्याच हाताने, पदराने, मी कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

आणि आतून वाटीवर चमचा वाजला.

एका म्हातारीने उठून माझं मनगट धरलं. “है, बेटी, अभी है,” ती म्हणाली. “अंदर जा.”

मला आधी रडू आलं, मग त्या चटईचा राग आला, मग स्वतःचा. दुपारी ही म्हातारी नळावरून पाणी घेऊन जात असताना तिला वाटीचा आवाज ऐकू आला होता. कडी काढून पाहते तो हे खाटेवरून घसरून जमिनीवर पडलेले. तिने ह्यांना उचलून निजवलं, चमच्याने पाणी पाजलं आणि आपल्या बराकीतल्या बायकांना बोलावून आणलं. त्यांच्यात आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत, आणि रोज सकाळी प्रत्येक घर पीठ मळण्याआधी एक मूठ आजाऱ्याच्या घरासाठी बाजूला काढतं. कुणी कोणत्या वारी बसायचं हे ठरवायला त्या जमल्या होत्या. खोलीत जागा नव्हती, म्हणून बाहेर बसल्या, इतकंच.

मला कुंकू लाव म्हणून मी करंडा म्हातारीपुढे धरला. तिने मान हलवली. तिचा नवरा इकडे येताना वाटेतच गेला होता. “मैं नहीं,” म्हणून तिने सुनेला पुढे केलं. मी करंडा म्हातारीपुढून हलवला नाही. मग तिनेच मला कुंकू लावलं.

त्यानंतर तीन आठवडे दाराला कडी लागली नाही. हे गेले ते दुपारी, मी कारखान्यात असताना. ह्यांचा हात म्हातारीच्या हातात होता. पुष्कळ दिवस मी देवावर रुसून होते. त्या सोमवारी मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्याने दुसरी तेवढी दिली. आता वाटतं, पहिली माझ्या भीतीने मागितली होती. ह्यांना हवी होती ती दुसरीच. ती त्याने माझ्या हातून काढून परक्या हातात दिली, आणि ते हात माझ्यापेक्षा धीराचे होते.

आता आठवड्यातला एक वार माझाही आहे. आजाऱ्याच्या घरी बसायला जाते, मुठीचं पीठ पोचवते. खोली कितीही लहान असो, अडचण करून आतच बसते. चटई दाराबाहेर अंथरू देत नाही.