वळणावरचा आंबा

आमच्याच लोकांचा मला अजून संताप येतो. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असले की आम्ही वडप्याच्या झाडीत पत्र्याचं झाकण फेकून डब्याला मारायचा खेळ खेळायचो; कमी फेकींत मारेल तो जिंकला. पायवाटेच्या वळणावर आंब्याचं मोठं झाड होतं आणि त्याच्याआड टांगलेला डबा. आम्ही ताकद दाखवत सरळ फेकायचो, झाकण फांद्यांत अडकायचं. निजामपुऱ्यातून एक कामगार यायचा, त्याचं नाव कुणी विचारलं नाही. झाकण लुंगीला पुसून तो ते मुद्दाम वळणापर्यंतच सोडायचा. दुसऱ्या फेकीत डबा खणकायचा.

हरून हरून आमच्यातल्या गाढवांनी आंबाच तोडला!

पुढच्या शुक्रवारी त्या कामगारानं उरलेल्या बुंध्यावर हात फिरवला. "मला सांगायचं न्हाय का?" तो म्हणाला. "मी आलो नसतो."

तो गेल्यावर प्रत्येकाच्या पहिल्याच फेकीत डबा खणकला. त्यानंतर खेळायला कुणी आलं नाही.