निळा दोर

विहिरीत माणूस सोडायचा तर दोर तोताराम नानांनी पास केलेला हवा, हा पाचोऱ्याकडच्या आमच्या गावाचा रिवाज. नाना काठावर दोर धरत आणि खाली गाळ काढायला उतरे तो अभिमन, त्यांचा धाकटा चुलतभाऊ. अंबाडीचा दोर नाना आधी हुंगत, पीळ उकलून धागा दाताखाली धरत, मग म्हणत, "चालस." नाकाने दोर ओळखणारा माणूस म्हणून आम्ही त्यांची थट्टा करायचो. पण विहीर उपसायची वेळ आली की आम्हालाही तेच नाक लागायचं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जुना दोर उंदरांनी कुरतडला, आणि विहिरीचे मालक चिंधा पाटील निळा नायलॉनचा दोर घेऊन आले. नानांनी हुंगला, वास नाही. चावला, तर दात घसरला. दुकानदार रुपचंदशेठला जाऊन विचारलं. शेठ सरळ माणूस. म्हणाला, ट्रकवाले नेतात, माणूस टांगल्याचं मला ठाऊक नाही. इकडे पाटलांना घाई. शेवटी नानांनी दोराला ज्वारीची पोती बांधून दिवसभर विहिरीत लोंबती ठेवली. दोराला काही झालं नाही. त्या संध्याकाळी, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी तोंड न उघडणारी अभिमनची बायको भिकुबाई दाराआडून विचारायला आली. नाना म्हणाले, "दोर तुटाव नही."

सकाळी त्यांनी बसायची फळी जन्मभर मारत आले तीच गाठ मारून बांधली. अंबाडीत ती ओझ्याने आणखी घट्ट बसायची. अभिमनने मध्येच कपारीवर पाय टेकला, दोर सैल पडला, आणि तो पुन्हा फळीवर बसला तशी त्या गुळगुळीत दोरातून गाठ सुटत गेली. नानांच्या हातात दोर एकदम हलका झाला. ते ओढतच राहिले. वर आलं ते नुसतं टोक.

अशा दोराला गाठ वेगळी लागते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अभिमन वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. पाटील दोर घरी घेऊन गेले, पुढे कडबा बांधायला तो चांगला चालला. मला तो दिसला की अजून संताप येतो.

नाना अभिमनच्या खाटेजवळ गेले तेव्हा भिकुबाई दुसऱ्यांदा त्यांच्याशी बोलली. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच कळत नव्हतं.

"दोर तं तुटना नही ना, नाना?"

"नही."

"मंग?"

नाना आपल्या हातांकडे बघत उभे राहिले.