मामूचा मंगळवार

मामूला मी फसवलं. एक मंगळवार त्याला कबूल केला होता, तो दिला नाही. आणि ज्याच्यासाठी दिला नाही, त्या लग्नाच्या लॉन्सवाल्यानं मला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. पहिली आधी सांगितली, कारण दुसरी सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि पहिली राहून जाते.

मामू माझ्या दुकानातला पिंजारी. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. हिवाळ्यात गाद्या-रजया, उन्हाळ्यात कूलर. मामू दोन्ही हंगामांत कामाला. थंडीत कापूस पिंजायचा, उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्यांत वाळा भरायचा. त्यामुळे त्याच्या तोंडाकडे बघून महिना कळे. भुवयांवर कापूस असला की समजावं थंडी पडली. दाढीत वाळ्याच्या काड्या दिसल्या की मार्च संपत आला. मी लासूर स्टेशनहून एक पिशवी घेऊन या शहरात आलो, दुकान उभं केलं, आणि वीस वर्षं हवामान त्या दाढीवरून ओळखलं. बाहेर डोकवायला वेळ नव्हता.

मामूची खोड अशी की गिऱ्हाईक रजई दाबून बघत असताना हा त्याला शहर दाखवायला लागायचा. "नये आये क्या शहर में? मग ऐका. या थंडीत दौलताबादला जा. पण सूर्य उगवायच्या आत चढायला लागा. वर पोचाल तेव्हा खाली सगळं धुकं, जैसे मेरा पिंजा हुआ कापूस. उतरताना पायथ्याशी म्हातारा पेरूवाला बसतो, तिखटमीठ लावून देतो. रविवारी सकाळी शहागंजात नान-खलिया खायचा. आणि मकबऱ्यावर पहाटे जा, दुपारी जाऊन काय फोटो काढता?" उन्हाळ्याची यादी वेगळी. पाणचक्कीच्या तळघरात दुपार काढायची, सहाच्या आत फिरून घ्यायचं, ऊन उतरल्याशिवाय गच्चीवर पाणी मारायचं नाही.

एकदा एप्रिलच्या भर दुपारी एक बँकेतला माणूस बायको-मुलांना घेऊन कूलर घ्यायला आला. मी भाव बांधत आणला होता. इतक्यात मामू मागून म्हणाला, "साहेब, दुपारच्याला वेरूळच्या लेणीत जाऊन बसा. पहाडाचा कूलर आहे. बिजली का बिल नहीं, आवाज नहीं." ते कुटुंब हसत हसत निघून गेलं, वेरूळलाच. मी मामूवर असा ओरडलो की समोरचा भांडेवाला दुकानाबाहेर आला.

"तू माझ्याकडं कामाला हायेस का वेरूळच्या लेणीकडं?"

मामू जाळीत वाळा दाबत म्हणाला, "रात को घर तो आएंगे ना, सेठ. लेणी घर ले जाते क्या?"

दुसऱ्या दिवशी ते आले आणि मोठा कूलर घेऊन गेले. मी मामूला तसं काही बोललो नाही. चांगलं बोलायची मला सवय नाही. त्यानं समोरच्याचा भाव वाढतो.

तो मला चिडवायचा. "शहर दो हैं, सेठ. एक सर्दी का, एक गर्मी का. तुम तिसरे में रहते."

"तिसरं कुठलं?"

"दुकान."

मग एका हिवाळ्यात एक कॉलेजचा प्राध्यापक रजई न्यायला आला आणि सहज म्हणाला, "मामू, तुमच्या सांगण्यावरून दौलताबादला गेलो. पण पेरूवाला काही दिसला नाही. तिथले लोक म्हणाले, असा कुणी म्हातारा आता बसत नाही." मामूच्या हातातली सुई थांबली. प्राध्यापक गेल्यावर तो मला म्हणाला, "सेठ, मैं लोगों से झूठ तो नहीं बोल रहा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मामू स्वतः गडावर शेवटचा गेला होता तो माझ्याकडे लागायच्या आधी. त्यानंतर तो वीस वर्षं लोकांना पाठवत राहिला आणि आपण दुकानात बसला. थंडीत शहर बघायचं, तर थंडीतच रजयांचा हंगाम. उन्हाळ्यात बघायचं, तर कूलरचा हंगाम. मी त्याला सुट्टी द्यायचो ती पावसाळ्यात.

त्या दिवसापासून त्यानं एकच लावून धरलं. "एक दिन सर्दी का, एक दिन गर्मी का. तुम और मैं. जाके देखके आना है, जो बोलता वो है का नहीं." त्याला दम लागायला लागला होता. कापूस आयुष्यभर छातीत गेलेला. डॉक्टरनं सांगितलं होतं की एकट्यानं चढ चढू नको. म्हणून सोबत हवी होती. मला त्यात फक्त सौदा दिसला.

"दोन दिवस नाही, एकच."

"हौ, एक."

"रविवार नाही. मंगळवार."

"मंगळवार."

"आणि अकराला मला शटर उघडायचं आहे. अर्ध्यातून उतरू."

मामू हसला. "गड क्या भाजी है सेठ, पाव किलो कम करने?"

शेवटी पूर्ण गड ठरला. मंगळवारी पहाटे साडेपाचला दुकानासमोर भेटायचं. त्यानं नवीन कानटोपी घेतली. सोमवारी सकाळी गल्लीतल्या चार जणांना दाखवून झाली.

त्याच सोमवारी दुपारी बिडकीन रोडचा एक लॉन्सवाला आला. लग्नाची पाहुणेमंडळी उतरणार, शंभर रजया हव्यात, बुधवारी संध्याकाळी. मी भाव वाढवला, तो कबूल झाला. इतक्या चटकन कबूल झाला, तिथंच मला वास यायला पाहिजे होता. मामूकडे न बघता मी म्हणालो, "मामू, पुढच्या मंगळवारी जाऊ."

"हौ," तो म्हणाला. "सर्दी कहाँ भागती."

मंगळवारी पहाटे तो आला साडेपाचलाच. कानटोपी घालून. सवयीनं आला असेल म्हणून मी विचारलं नाही. दोन दिवस त्यानं पिंजायचं यंत्र बंद होऊ दिलं नाही. नाकातोंडाला फडकं बांधलं की त्याला दम पुरत नसे, सारखं थांबावं लागे, म्हणून ते सोडून ठेवलं. मला ते दिसत होतं. मी म्हणालो, "मामू, फडकं." तो म्हणाला, "टाइम कहाँ है सेठ," आणि मी पुढची खोळ त्याच्याकडे सरकवली, कारण टाइम खरंच नव्हता.

बुधवारी टेम्पो लॉन्सवर गेला आणि भरलेला परत आला. लॉन्सवाल्यानं दोन दुकानांना एकच काम सांगितलं होतं. ज्याचं आधी पोचेल त्याचं घ्यायचं. मी गेटवर जाऊन त्याची आई-बहीण काढली. पण ही युक्ती मला नवी नव्हती. कूलरच्या पंप-मोटारी मी दरवर्षी अशाच दोन व्यापाऱ्यांकडे सांगायचो.

गुरुवारी मामू दवाखान्यात. घरी आला तेव्हा डॉक्टरनं जिनासुद्धा बंद केला होता.

उन्हाळ्यात तो आला, बसून वाळा भरायचा. गिऱ्हाइकांना सांगायचाही. पण आता शेवटी एक वाक्य जोडायचा: "मैंने बहुत साल पहले देखा था. अब का मालूम नहीं." ते ऐकलं की लोक मोबाईलमध्ये बघायला लागत. हळूहळू त्यानं सांगणं सोडलं. दुकानात शांतता झाली. मला वीस वर्षं हवी होती तशी शांतता, आणि मला ती बसू देईना. एकदा मी म्हणालो, "मामू, रिक्षानं पाणचक्कीला जाऊ. तिथं चढ नाही." त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "नक्को सेठ. दुकान का टाइम है."

पावसाळ्यात तो मुलीकडे फुलंब्रीला गेला आणि थंडी पडायच्या आत गेला. मी मातीला पोचलो. त्याची मुलगी रेहाना तिथल्या शाळेत शिकवते. चाळिसाव्या दिवसानंतर पुन्हा गेलो, तर तिनं खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाली, "अब्बा म्हणायचे, सेठनं लई वर्षं सांभाळलं." मी कप खाली ठेवला. आयुष्यभर मी भांडून जिंकलो आहे. पण समोरचा भांडतच नसेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

लॉन्सवाल्याला मी गेटवर जाब विचारला, चार लोकांसमोर. तसा मला जाब कुणी विचारायचा? गल्लीतले म्हणतात, मामूची छातीच खराब होती. डॉक्टर म्हणतात, वय होतं. सगळे मला सोडून देतात, फुकटात.

रेहाना, मी रोज दुकानात असतो. ये. फुलंब्रीहून सकाळची बस आहे. भर गर्दीत ये, हंगामात ये, गिऱ्हाईक उभं असताना ये. मंगळवार पुढं कुणी ढकलला, फडकं बांधायला कुणी लावलं नाही, मोठ्यानं विचार. चहा नको देऊस मला. मी उत्तर देणार आहे. विचार.